कौल उजवा पडला, बापू

हर्णे,
अनंत चतुर्दशीनंतरचा मंगळवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तासभर टेबलावर तसंच पडू दिलं असशील. ठीक आहे. तीन वर्षांत एक ओळ नाही, एवढा राग तुझा हक्काचा. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. शिवाय जे सांगायचंय ते तोंडानं सांगायची लाज वाटते. प्रकृती ठीक. साखर होती तिथेच आहे, गुडघ्याचं नाव काढू नकोस. हिची पाठ पावसात धरते तशी धरली होती, गौरीच्या आधी सुटली. झालं प्रकृतीचं.

बापू, मी देव आहे असं सिद्ध केलं.

हस. पोटभर हसून घे, मग पुढे वाच. तुझ्याशिवाय हे कोणाला सांगणार? हिला सांगितलं तर म्हणाली, "चला, उशिरा का होईना सुचलं." आणि आपल्या ग्रुपवरच्या बाकीच्यांना सांगायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी हात जोडलेली शंभर चित्रं.

गुरवकाका आता फार थकलेत. तू पाहिलंस तेव्हा पालखी खांद्यावर घेऊन चढण चढायचे. आता हात थरथरतात, निरांजनातली वात सारता येत नाही. पूजेची पाळी धाकट्यानं घेतली आहे. माझ्याच हाताखालून गेलेला पोरगा. रत्नागिरीला जाऊन भौतिकशास्त्रात बीएस्सी झाला, दोन वर्षं नोकरी शोधली, आता बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतो आणि सकाळी देवाला पाणी घालतो. पूजा मन लावून करतो, पण मानत काही नाही. कौलाच्या पाकळीचं गणित त्यानं मला एकदा समजावलं होतं: देवाच्या अंगावर पाकळी पाण्यानं चिकटते, पाणी वाळत जातं, ज्या बाजूला वारा लागतो ती आधी सुटते, आणि देवळाचं दार तर उजवीकडे आहे. "सर, म्हणून आपला देव बहुतेक हो म्हणतो," म्हणाला. मी खूश. माझ्या शिकवण्याचं चीज झालं असं वाटलं. लक्षात ठेव हे, पुढे लागेल.

आता खालच्या आळीचा नाखवा. तोच, ज्याच्या बापाकडून तू खेकड्यांच्या पैजेत कोंबडी जिंकलास आणि ती मला न विचारता एकट्यानं खाल्लीस. (मी विसरलेलो नाही.) त्याची होडी जुनी, लाकडी, बापाच्या वेळची. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी आठवडाभर होड्यांवरची झापं निघतात, डागडुजी होते. सुतारानं टोच्या मारून बघितलं तर मागच्या अंगाला, पाण्याखाली जाणाऱ्या दोन फळ्या मऊ. टोच्या लोण्यात जावा तसा आत. सुतार म्हणाला, फळ्या काढाव्या लागतील, तीन आठवडे धर. तीन आठवडे म्हणजे हंगामाचा पहिला, सगळ्यांत कमाईचा तुकडा गेला, वर फळ्यांचा खर्च, वर कर्जाचा हप्ता. नाखव्यानं सुताराचं ऐकून घेतलं आणि नारळ घेऊन देवळात आला. या हंगामापुरती होडी अशीच नेऊ का, उजवा दे.

पोरानं कौल लावायला नकार दिला. म्हणाला, "फळीचं सुताराला विचारलंत ना? त्यानं सांगितलं ना? मग देवाला कशाला मधे घालता?"

झालं. गावात बोंब. गुरवाचं पोर कौल नाकारतं म्हणजे काय! मानकरी जमले, कोणी म्हणे पाळी काढून घ्या. काका त्या रात्री माझ्या पडवीत आले. पायरीवरच बसले, वर येईनात. म्हणाले, "मास्तर, तुमी देव मानत नाय, म्हायती हाय मला. पन तुमी वाद घालता. पोर माझ्याशी वाद घालतो, मी काय बोलनार? मी हात जोडनार. तुमी सांगा त्याला."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही, आणि त्याचं कारण तुला ठाऊक आहे. ते कारण आमच्या शोकेसमध्ये वरच्या फळीवर आहे, त्याचा एक कान तुटलाय. १९७९ ची स्पर्धा, 'ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध होते'. चिठ्ठ्या निघाल्या; मला, नास्तिकाला, बाजूनं बोलायचं आलं आणि जानवं घातलेल्या तुला विरोधात. आणि मी जिंकलो. तू अजून म्हणतोस परीक्षक माझ्या आत्याच्या ओळखीचे होते. नव्हते रे. मी चांगला बोललो होतो. सत्तरीला आलो तरी काका "तुमी वाद घालता" म्हणाले आणि माझी छाती फुगली. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर बंदर, पलीकडे सुवर्णदुर्ग, काका खांबाला टेकून. मी उदयनापासून सुरुवात केली. आपल्या तर्कशास्त्राच्या सरांनी घोटून घेतलेला उदयन, मिथिलेचा नैयायिक, हजारेक वर्षांपूर्वीचा. घडा दिसला की कुंभार मानावा लागतो, जग हेही घडलेलं कार्य, तर त्याला कर्ता हवा. मी घड्याच्या जागी होडी घातली. वर पुरीची ती आख्यायिका चढवली. जगन्नाथाचं दार बंद दिसलं तेव्हा उदयन देवालाच म्हणाला, ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध समोर आले की तुझं असणं माझ्या हातात आहे. काकांनी हे ऐकून कानाला हात लावला. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. देवाला वकील लागतो हे ऐकून ज्याला आनंद होतो तो वकीलच.

पोरगा म्हणाला, "सर, एकट्यानं बांधलेली होडी मी पाहिली नाही. लाकूड एक कापतो, फळ्या दुसरा ठोकतो, इंजिन दापोलीचा माणूस येऊन बसवतो. मग जगाचा कर्ता एकच कशावरून? आणि सुताराला हातपाय असतात. तुमच्या कर्त्याला?"

बापू, अंगावर काटा आला. हे रामानुजाचे आक्षेप आहेत, ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यातले! बर्फाच्या कारखान्यात काम करणारं पोर, त्यानं ते नावही ऐकलेलं नाही. आणि रामानुज तर भक्तांचा आचार्य. आपण कॉलेजात या गोष्टीवर रात्रभर भांडलो होतो आठवतं? तू म्हणायचास, देव अनुमानानं सिद्ध होतच नाही असं म्हणणारे आपल्याकडे सगळे नास्तिक नव्हते; शंकराचार्यसुद्धा 'शास्त्रयोनित्वात्' या सूत्रावर बोट ठेवून सांगतात की ब्रह्म श्रुतीतूनच कळतं, नुसत्या अनुमानातून नाही. आणि मीमांसकांची तर कमाल, वेदाचा एक शब्द खाली पडू देणार नाहीत पण जग निर्माण करणारा देव त्यांना नकोच. मी तेव्हा म्हटलं होतं, ही पळवाट आहे, पुरावा नाही म्हणून पुराव्यालाच नावं ठेवता. आता वाटतं, रामानुजाला उदयनाचा देव नकोसा झाला असेल. आज कुंभारावरून मिळाला तो उद्या कुंभारावरूनच जायचा.

असो. मग पोरानं दुसरा तडाखा दिला. "आणि आपला सुतार काही मोठा शोधक नाही, सर. बापानं बांधली तशी बांधतो. बापानं त्याच्या बापाची बघून. मधे किती बुडाल्या तेव्हा ही एक तरंगते." हा तर ह्यूम, स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ! अगदी हेच, जहाजाचंच उदाहरण. सुंदर जहाज पाहून सुताराच्या बुद्धीचं कौतुक करावं तर कळतं तो मठ्ठ नकलाकार, कितीतरी पिढ्यांच्या चुका गिरवत आलेला. १७७९ साली छापलं, तेही ह्यूम मेल्यावर तीन वर्षांनी. मी सुरत-मुंबईच्या पलीकडे न गेलेल्या पोराच्या तोंडून ऐकत होतो आणि आतून टाळ्या वाजवत होतो.

मग अन्सेल्म काढला, अकराव्या शतकातला ख्रिस्ती साधू. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव. तो नुसता मनात असेल तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल, म्हणून तो आहेच. पोर हसलं. "मग माझ्या मनातली सगळ्यांत भारी होडी उद्या सकाळी जेट्टीला लागली पाहिजे." गौनिलो नावाचा एक साधू अन्सेल्मला हेच म्हणाला होता, फक्त त्यानं बेट घेतलं होतं. पुढे कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८१ मध्ये सांगितलं तेही पोराला सांगून टाकावंसं वाटलं: 'असणं' हा गुण नाही, मनातल्या शंभर नाण्यांत आणि खिशातल्या शंभर नाण्यांत एक नाणंही कमी-जास्त नसतं, फरक फक्त खिशाला कळतो. पण मी तर वादी होतो. स्वतःच्याच विरुद्ध साक्ष कशी देऊ?

शेवटी त्यानं रँग्लर परांजप्यांना आणलं. "आंजर्ल्याला खाडी ओलांडली की मुर्डी, त्यांचं गाव. १८९९ ला केंब्रिजात पहिले आले. आयुष्यभर बुद्धिवादी. काय अडलं त्यांचं?"

मी हरत होतो, बापू. आणि काका बघत होते. तेव्हा मी ते केलं.

मी म्हटलं, "फळी मऊ आहे हे तू स्वतः बघितलंस?"

"नाही. सुतारानं सांगितलं."

"म्हणजे तू सुताराच्या शब्दावर विश्वास ठेवलास. न बघता. कॉम्प्रेसरमधला वायू तू पाहिलायस? पुस्तकाच्या शब्दावर मानतोस. तुझे बाबा परंपरेच्या शब्दावर मानतात. श्रद्धा दोघांची. मग त्यांचीच तेवढी खोटी का?"

पोर गप्प झालं. खूप वेळ. मग "बघतो" म्हणालं आणि उठून गेलं. काकांनी माझा हात धरला. त्यांचा हात थरथरत होता, मला वाटलं आनंदानं.

तू कपाळावर हात मारला असशील. मारायलाच हवा. सुताराचा शब्द मानायचा तो सुताराकडे टोच्या आहे म्हणून. शंका आली तर तो टोच्या मी हातात घेऊन मारू शकतो. एकाच 'विश्वास' शब्दाच्या दोन टोप्या घालून मी त्या पोराला फसवलं. आणि त्याहून मोठी लबाडी ही की समजा उदयन खरा, समजा जगाला कर्ता आहे. तिथून 'तगरीच्या ओल्या पाकळीला या फळीची खबर आहे' इथपर्यंत यायला पूल कुठाय? एकही प्रमाण तिथवर येत नाही. जगातले सगळे सिद्धान्त जोडले तरी विश्वकर्ता सिद्ध होईल, कौल नाही. मला हे माहीत होतं. मी ते झाकलं.

दुसऱ्या सकाळी पोरानं कौल लावला. उजवा पडला. दार उजवीकडेच आहे.

होडी गेली आणि परत आली. रोज जाते, रोज येते. नारळी पौर्णिमेला नाखव्यानं तिला पताका लावल्या. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हातभर सुरमई पाठवली. हिनं तळली. मी खाल्ली, खोटं कशाला बोलू, उत्तम होती. आणि दुसरा तुकडा घेताना मला क्लिफर्ड आठवला.

तुला आठवायला हवा, तूच मला वाचायला दिला होतास, झेरॉक्स काढून, माझं तोंड बंद करायला की उघडायला ते अजून कळलेलं नाही. गणिती माणूस, १८७७ चा निबंध. जहाजाचा एक मालक. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. त्याला शंका येतात, पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो, इतक्या सफरी केल्यात तिनं, दैव काही इतक्या बायकापोरांना बुडवणार नाही. प्रामाणिक विश्वास बसेपर्यंत समजूत घालतो. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण क्लिफर्ड पुढे म्हणतो, समजा जहाज बुडालंच नाही. सुखरूप पोचलं, पुन्हा पुन्हा पोचलं. तर मालकाचा दोष कमी झाला का? तसूभरही नाही. प्रश्न होडी तरली की बुडाली हा नाहीच, त्याला तसं मानण्याचा अधिकार होता का हा आहे.

बापू, ती गोष्ट मी तेवीस वर्षं मुलांना सांगितली. दर वर्षी, ऑफ तासाला. आणि माझ्या दारात तीच होडी आली तेव्हा मी मालकाच्या बाजूनं वकिली केली. आता घसा कोरडा पडतो रोज संध्याकाळी. सात माणसं जातात तिच्यावर. त्यातला एक मुलगा मागच्या वर्षी दहावीला होता.

मी नाखव्याकडे गेलो. गेलो, एवढं तरी लिहून घे माझ्या खात्यात. म्हटलं, फळ्या बदल, हवं तर पैशाचं बघू. तो जाळं विणत होता, वर न बघता म्हणाला, "मास्तर, देव हाय म्हनून तुमीच सिद्ध केलंत, आनि देवानं हो म्हटलं. आता सुतार काय देवाच्या वर?"

काय बोलणार? स्पर्धेतला तो कप शोकेसमध्ये आहे तो उगाच नाही.

तू आता तुझा जेम्स काढशील, तो अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स. १८९६ चा तो दुसरा निबंध, क्लिफर्डला उत्तर. काही निर्णय पुराव्याची वाट बघत थांबत नाहीत. आणि त्याचंच दुसरीकडचं उदाहरण, दरीवरून उडी मारायचीच आहे तर जमेल या विश्वासानंच जमते. मी हे कधी मान्य केलं नव्हतं, आज निम्मं करतो. विश्वासानं उडी मारणाऱ्याच्या पायात बळ येतं हे खरं. फळीत येत नाही. एवढा एक फरक मला त्या पायऱ्यांवर सांगता आला असता, पोरालाही आणि काकांनाही, आणि दोघांपैकी कोणाचंच काही मोडलं नसतं.

आणि निम्मं मान्य करतो म्हटलं ते तुझ्यामुळे. वहिनी गेल्या त्याच्या महिन्याभरानं मी पुण्याला आलो होतो. पहाटे तू पाटावर बसून संध्या करत होतास, चाळीस वर्षांनी. मी चहाचा कप हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "पुरावा मिळाला वाटतं." तू आचमनाची पळी खाली ठेवलीस, उठलास, काही बोलला नाहीस. मला तेव्हा गंमत केल्यासारखं वाटलं. तू काही सिद्ध करत नव्हतास. घरात पहाटेचं कोणी उठत नव्हतं म्हणून उठत होतास, एवढंच. पास्कल मेल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला कागद सापडला ना, १६५४ च्या एका रात्रीचा, त्यात त्यानं लिहिलं होतं की हा तत्त्वज्ञांचा देव नव्हे. देव आहे यावर पैज लावणं फायद्याचं असं गणित मांडणारा माणूस, तो कागद कोणाला न दाखवता आठ वर्षं छातीशी घेऊन फिरला. मी तुझा कोट उसवून आतला कागद मागितला. तीन वर्षं पत्र न लिहिण्याचं कारण तू रागावलास हे नाही, मला हे कळलं होतं हे आहे.

पुरे. वाचताना चष्मा पुसू नकोस, तुला तो पुसायला नेहमी धोतराचा सोगा लागतो आणि आता तू पँट घालतोस.

परवा मी पोराला गाठलं. कारखान्याच्या मागे, बर्फाच्या लाद्या सरकवत होता. सगळं सांगितलं. टोच्याचं, दोन टोप्यांचं, पुलाचं. म्हटलं, मी तुला फसवलं, तुझंच बरोबर होतं.

तो म्हणाला, "माहीत आहे, सर. घरी जाईपर्यंतच लक्षात आलं होतं."

"मग कौल का लावलास?"

"त्या सकाळी बाबा एकटे गाभाऱ्यात गेले. मी लावत नाही तर आपण लावतो म्हणाले. पाकळी चिकटेना. हात असा असा व्हायचा आणि ती पडायची. पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायची. बाहेर माणसं बसलेली. मग मी घेतली त्यांच्या हातातून."

म्हणजे बघ, मी जिंकलोच नव्हतो. इतकी लबाडी करून हरलो. एक क्षण तर मला याचंच वाईट वाटलं, होडीचं नाही. कळलं ना तुला कसा माणूस आहे मी.

मग त्यानं सांगितलं की कौल लावला त्या दिवसापासून तो रोज होडी लागली की जेट्टीवर जातो आणि तांडेलाला, होडी चालवणाऱ्याला, विचारतो, पंप किती वेळ चालवावा लागला. वहीत लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात आकडा वाढलाय. ती वही त्यानं तांडेलाला दाखवली आणि तांडेल म्हणाला, पुढच्या भांगाला, भरती कमी असते तेव्हा, दोन दिवस वर ओढू, नाखव्याशी मी बोलतो. बोलेल का माहीत नाही. काका त्या वहीला रोज संध्याकाळी अंगारा लावतात म्हणे.

तुझ्या धाकटीचं लग्न ठरल्याचं हिला वहिनींच्या बहिणीकडून कळलं, अभिनंदन, तारीख कळव. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवू नकोस. तो वरचा मजला भाड्यानं दिलास का? आणि दिवाळीनंतर ये. खोली रिकामी आहे, पहाटे उठलास तर पाणी तापलेलं असेल, मी दारात उभा राहणार नाही. कप हवा तर घेऊन जा, कान शोधून चिकटवतो.

पाच वाजत आले. होड्या लागायला लागल्या असतील. कालपासून मीही जातो जेट्टीवर, पोराच्या शेजारी उभा राहतो. माझी नजर अधू, लांबून ओळखू येत नाही, तो सांगतो कोणती कोणाची ते. काल ती शेवटून दुसरी आली.

तुझा,
नाना